ठाणे–कल्याण परिसरातील शेती व नागरीकरण

उल्हास नदीच्या खालच्या खोऱ्यातील व ठाणे खाडीच्या काठावरील गावांची शेती आणि मुंबईच्या विस्तारामुळे तेथे झालेली शहरवाढ यांच्या परस्परसंबंधांचा इतिहास. ठाणे, कल्याण, अंबरनाथ व भिवंडी हे तालुके या परिसरात प्रामुख्याने मोडतात. ठाणे व कल्याण ही प्राचीन बंदरे असली, तरी त्यांच्या भोवतालचा प्रदेश विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यत्वे भात पिकविणाराच होता. १९०१ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १६,०११ व कल्याणची १०,७४९ होती. २०११ मध्ये ठाणे महानगरपालिकेच्या क्षेत्रात १८ लाखांहून अधिक, तर कल्याण-डोंबिवलीच्या क्षेत्रात १२ लाखांहून अधिक लोक राहत होते. या काळात शेतांच्या जागी घरे, कारखाने व रस्ते आले, हे खरे. परंतु एवढ्याने घडलेल्या स्थित्यंतराचे स्वरूप स्पष्ट होत नाही. येथील शेती अनेक सामाईक व्यवस्थांवर उभी होती आणि पुष्कळ गावांत जमिनी विकल्या जाण्यापूर्वीच या व्यवस्था मोडल्या, असे दिसते.

खारजमिनी व बांध : सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी बदलापूर, अंबरनाथवरून कल्याणजवळ येते. तेथे काळू नदीचे पाणी तिला मिळते आणि पुढे ती खाडीचे रूप घेते. वार्षिक पर्जन्यमान सु. २,५०० मिमी. असून ते जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडते. खाडीकाठची जमीन भरतीच्या पातळीखाली असल्याने समुद्राचे पाणी अडविल्याशिवाय तेथे पीक येत नाही. त्यासाठी चिखलमातीचे व दगडांचे बांध घालून अशा जमिनी लागवडीस आणण्याचा उद्योग येथे शतकानुशतके चालत आला. ओहोटीच्या वेळी आतील पाणी बाहेर सोडणारी व भरतीला आपोआप मिटणारी उघाडी हा या रचनेचा प्राण होय. पहिल्या पावसाच्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन निघाले, की मोड आणलेले भात चिखलात फेकून पेरीत. यासाठी क्षार सहन करणारे, बहुधा तांबड्या दाण्याचे वाण वापरीत. आगरी समाजाने ही विद्या विशेष जोपासली. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात मिठागरे आणि वर्षभर खाडीतील मासळी असे त्यांचे जीवन त्रिविध उत्पन्नावर चाले.

बांधाचे वैशिष्ट्य असे, की तो कोणा एकाच्या शेतापुरता नसतो. बाहेरच्या बांधाला एके ठिकाणी खांड पडली, तरी आतील सर्व शेतांत खारे पाणी शिरते आणि पुढील दोन-तीन हंगाम ती जमीन पीक देत नाही. म्हणून खांड पडताच गावातील प्रत्येक घरातून माणूस जाई. शासनानेही ही गोष्ट ओळखून १९४८ मध्ये खारजमिनींविषयी अधिनियम केला व पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम संमत झाला. या क्षेत्रातील संशोधनासाठी पनवेल येथे केंद्र असून क्षारसहनशील वाणांच्या निवडीचे काम तेथे झाले आहे.

राब, वरकस व गवत : खाडीपासून दूरच्या गोड्या जमिनीत भाताची रोपे तयार करण्यासाठी ‘राब’ भाजण्याची पद्धत होती. शेण, झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा व गवत यांचे थर रोपवाटिकेच्या जागी पसरून त्यांवर माती टाकीत व उन्हाळ्याच्या अखेरीस ते जाळीत. जूनमध्ये तेथे पेरणी व जुलैमध्ये चिखलणी करून आवणी होई. राबासाठी लागणारा पाला गावाच्या डोंगरउतारावरील वरकस जमिनीतून व लगतच्या जंगलातून येई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने जंगले राखीव केली, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी पाला तोडण्याच्या हक्कासाठी मोठी तक्रार केली. तिच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगाने १८८७ मध्ये अहवाल दिला. शेत आपले, पण त्याला लागणारे जंगल दुसऱ्याच्या ताब्यात, हा पेच या परिसराला शहरवाढीच्या कितीतरी आधीपासून परिचित होता. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा, मूग यांसारखी कडधान्ये घेत. वरकस जमिनीत नागली व वरी होई. परंतु तिचे खरे रोख उत्पन्न गवताचे होते.

मुंबईचा शेजार : मुंबई–ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी व कल्याणपर्यंतचा मार्ग १८५४ मध्ये सुरू झाला. आरंभीच्या काळात रेल्वेने शेतीचे नुकसान केले, असे म्हणता येत नाही. उलट तिने येथील शेतमालाला मोठे गिऱ्हाईक मिळवून दिले. मुंबईतील घोडे व तबेल्यांतील म्हशी ठाणे जिल्ह्याच्या गवतावर पोसल्या जात. भाजीपाला, दूध व लाकूडफाटा यांनाही तेथे मागणी होती. जुन्या ठाण्यातील टेंभी नाका, जांभळी नाका, कोर्ट नाका या चौकांच्या नावांतील ‘नाका’ हा शब्द मूळ जकातीच्या किंवा गावात शिरण्याच्या जागेचा वाचक आहे. आज या नाक्यांच्या चारही बाजूंना शहर पसरले आहे. बाळकूम, माजिवडे, कोलशेत ही नावे आता शहरातील वस्त्यांची म्हणून ओळखली जातात. मुळात ती शेतकऱ्यांची व कोळ्यांची गावे होत.

तानसा तलाव १८९२ मध्ये पूर्ण झाला. पुढे वैतरणा (१९५७) व ऊर्ध्व वैतरणा ही धरणे बांधून जिल्ह्याचे पाणी मुंबईकडे नेण्यात आले. सिंचन, वीज व पाणीपुरवठा अशा उद्देशांनी योजिलेल्या भातसा धरणाच्या बाबतीतही शहराची गरजच वरचढ ठरली. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी जाते, त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. दुबार पीक घेता आले असते, तर येथील शेतकऱ्याने जमीन इतक्या सहजी सोडली असती काय, हा प्रश्न अभ्यासकांनी फारसा विचारलेला नाही.

कुळांची मालकी : स्वातंत्र्यापूर्वी जमिनीचा मोठा भाग खोत, इस्टेटदार व सावकार यांच्याकडे असून प्रत्यक्ष कसणारे कूळ होते. महाराष्ट्रातील किसान सभेची जानेवारी १९४५ मधील परिषद कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे भरली होती. डहाणू–तलासरी भागातील वारली चळवळीशी तिचे निकटचे नाते आहे. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ आणि साष्टीतील इस्टेटींविषयीचा १९५१ चा अधिनियम यांनी ही व्यवस्था मोडली. १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुटुंबांचे नाव सातबाऱ्याच्या मालकी हक्कात आले, ही या परिसराच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना होय. दुर्दैवाने ती फार उशिरा घडली. औद्योगिक वसाहतींसाठी भूसंपादन सुरू झाले, ते त्यानंतर अवघ्या काही वर्षांनी. शिवाय मालकी दिली गेली ती सुट्या शेतांची. जमीनदार आपल्या स्वार्थासाठी का होईना, ज्या बांधांच्या दुरुस्तीकडे पाहत असे, ते बांध, गुरचरण व नाले यांची जबाबदारी निश्चितपणे कोणावर, हे पुष्कळ ठिकाणी अनिर्णितच राहिले.

संपादन व संघर्ष : दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभारली गेली. १९४७ नंतर तेथे सिंधमधील निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्याच युद्धकाळात हाजीमलंगच्या वाटेवरील नेवाळी येथे विमानतळासाठी १,६०० एकरांहून अधिक जमीन घेतली गेली. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. धावपट्टीचा वापर थांबल्यावर त्यांनी तेथे पुन्हा लागवडही केली. कागदोपत्री मात्र ती जमीन संरक्षण खात्याकडेच राहिली. कुंपण घालण्याच्या कामावरून २२ जून २०१७ रोजी तेथे उग्र आंदोलन झाले, वाहने जाळली गेली व पोलिसांच्या कारवाईत शेतकरी जखमी झाले. पाऊण शतक कसलेल्या जमिनीवर शेतकऱ्याचा हक्क कोणता, हा वादाचा गाभा होता.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत ही त्याच्या पहिल्या वसाहतींपैकी होय. पाठोपाठ ठाणे–बेलापूर पट्टा, डोंबिवली व अंबरनाथ येथे कारखाने आले. संपादन १८९४ च्या कायद्यानुसार झाले. या कायद्यात मोबदला जमिनीच्या प्रचलित बाजारभावावर ठरत असे आणि भाताच्या जमिनीचा भाव भाताच्याच उत्पन्नावरून काढला जाई. संपादनानंतर तीच जमीन भूखंड म्हणून अनेक पटींनी विकली जाई, तेव्हा त्या वाढीत मूळ मालकाला वाटा नसे. नवी मुंबईसाठी १९७० पासून सिडकोने ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, तेव्हा हा प्रश्न तीव्र झाला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व १९९० मध्ये मान्य झाले, ते या लढ्याचे फलित होय. कल्याण–डोंबिवलीत मात्र बहुतांश जमीन खाजगी व्यवहारांतून बदलत गेल्याने असा सामुदायिक करार तेथे झाला नाही.

गुंठे व गावठाण : कूळकायद्याने मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नसे, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नसे आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकडे पाडण्यास मनाई होती. शेती वाचविण्यासाठी केलेल्या या निर्बंधांनी शेती वाचली नाही. मुखत्यारपत्रे, साठेखते व मुद्रांक कागदावरील करार यांच्या आधारे एकेक, दोन-दोन गुंठे विकले गेले. त्यांवर चाळी व इमारती उभ्या राहिल्या. दिवा, मुंब्रा, डोंबिवली पूर्व व कल्याणच्या आसपास लाखो लोकांची परवडणारी घरे अशीच झाली, हेही नमूद केले पाहिजे; गिरणगावातून व कोकणातून आलेल्या कष्टकऱ्यांना दुसरीकडे जागा नव्हती. शेतकऱ्याची स्वतःची स्थिती विचित्र झाली. कुटुंब वाढले, तशी त्याने जुन्या गावठाणाच्या हद्दीबाहेर, आपल्याच शेतात घरे बांधली आणि नगररचनेच्या नियमांनुसार ती अनधिकृत ठरली. गावठाणांचा विस्तार ही आगरी-कोळी गावांची मागणी त्यामुळे अजून जिवंत आहे.

कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तीत समाविष्ट झालेली २७ गावे २००२ मध्ये वगळण्यात आली, २०१५ मध्ये पुन्हा घेण्यात आली आणि २०२० मध्ये त्यांतील १८ गावे वेगळी करण्याचा शासनाचा निर्णय त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. करांचा बोजा व जमिनींवरील आरक्षणे येतात, पण पाणी व गटारे येत नाहीत, हा ग्रामस्थांचा मुख्य आक्षेप होता. या गावांपैकी १० गावांत विकास केंद्र योजिले गेले. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गासाठीच्या संपादनास कल्याण व शहापूर तालुक्यांत आरंभी विरोध झाला. पुढे थेट खरेदीत वाढीव मोबदला मिळाल्यावर तो ओसरला. आमणेपर्यंतचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. भिवंडीच्या भातखाचरांवर तर त्याआधीच गुदामांच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या.

पाण्याचा प्रश्न : शेजारच्या दोन शेतांत भराव पडला, की मधल्या शेतातील पाणी जाण्याची वाट बंद होते. आवणीनंतर कुजणारे रोप पाहून त्या शेताचा मालकही शेवटी भराव टाकतो. खाडीकाठी उलट प्रकार घडतो. कामावर जाणाऱ्या तरुणांच्या गावात खांड बुजविण्यास माणसे उरत नाहीत, बांध फुटतो व खारे पाणी कायमचे आत येते. काही वर्षांत तेथे तिवरांचे रान माजते. कांदळवनांच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली. किनारपट्टीच्या रक्षणासाठी हा निर्णय आवश्यकच होता. तथापि ज्याच्या सातबाऱ्यावर भाताचे शेत आहे, त्याला आता ना बांध घालून पीक घेता येते, ना जमीन अन्य उपयोगास लावता येते. कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी वालधुनी व उल्हास नद्यांत सोडले गेल्याने मासळी घटली. या प्रदूषणाचे दावे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. भातखाचरे पुराचे पाणी काही काळ धरून ठेवीत. २६ जुलै २००५ च्या पुरात बदलापूर व कल्याणच्या वस्त्या बुडाल्या आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हा या पूरमैदानांचे महत्त्व शहरवासीयांच्याही ध्यानात आले.

सद्यःस्थिती : मुरबाड व शहापूर तालुक्यांत आणि कल्याण तालुक्याच्या पूर्व भागात भाताचे पीक अद्याप मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. लोहमार्गालगतच्या मोकळ्या पट्ट्यांत पालक, माठ, भेंडी यांची लागवड होत आली असून तिच्यासाठी नाल्याचे पाणी वापरले जात असल्याबद्दल वेळोवेळी चिंता व्यक्त झाली आहे. कल्याण व भिवंडीच्या आसपास म्हशींचे तबेले आहेत. टेंभी नाक्यावर १९७८ पासून नवरात्रोत्सव मोठ्या प्रमाणावर साजरा होतो. त्याच दिवसांत जवळच्या बाजारात ग्रामीण भागातून आलेल्या स्त्रिया भाताच्या लोंब्या व झेंडूची तोरणे विकावयास बसतात. दसऱ्याला ही तोरणे इमारतींच्या दारांवर बांधली जातात.