दोरी कोणाची, लाटणे कोणाचे?

गेल्या दिवाळीची गोष्ट. वसुबारसेचा दिवस. औरंगपुऱ्यातल्या आमच्या बोळात घरोघर फराळाची गडबड उडाली होती. शेजारच्या वहिनींनी अंगणात शेगडी मांडून करंज्या तळावयास घेतल्या होत्या आणि त्या वासाने सारा बोळ घमघमत होता. पलीकडच्या घरी एक निवृत्त शिक्षक राहतात; सारी गल्ली त्यांना काका म्हणते. त्यांचा मोत्या नावाचा कुत्रा दाराशी बांधलेला असे. पण दोरी जुनी, जागोजागी विरलेली. करंजीच्या वासापुढे ती काय टिकणार? मोत्याने हिसडा दिला, दोरी तुटली आणि स्वारी थेट वहिनींच्या परातीत! वहिनींच्या हातात लाटणे होते, ते त्यांनी भिरकावले. नेम धरला नव्हता, तरी तो चुकला नाही. मोत्याचा पुढचा पाय मोडला.

जनावरांच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर झाले. बिल दोन हजारांच्या घरात गेले आणि वादाला तोंड फुटले. काका म्हणाले, "वहिनी, लाटणे तुमचे." वहिनी म्हणाल्या, "काका, दोरी तुमची. आणि माझ्या परातभर करंज्यांचे काय?" लक्ष्मीपूजनाला दोन दिवस उरलेले, आणि वर्षानुवर्षे भिंतीवरून फराळाची ताटे देणारी ही दोन घरे एकमेकांकडे पाहीनाशी झाली. अखेर कोणीतरी तोड काढली, "ह्यांना विचारा, हे जुनी पुस्तके चाळतात." अशा रीतीने न्यायनिवाड्याचे काम माझ्यासारख्या बिनसनदी माणसाच्या गळ्यात पडले. मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि कपाट उघडले.

वाचकहो, मला वाटले होते की कुत्र्याच्या तंगडीची दखल शास्त्रकारांनी कशाला घेतली असेल! पण पहिल्याच ग्रंथाने माझा भ्रम फेडला. कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०५ साली म्हैसूरच्या ग्रंथालयात हाती आले आणि १९०९ साली छापून निघाले. त्यात मारहाणीच्या दंडांचे एक प्रकरण आहे, आणि माणसांच्या पाठोपाठ जनावरेही तेथे येतात. लहान जनावराला काठी वगैरेंनी दुखविले तर एक किंवा दोन पण दंड. रक्त काढले तर त्याच्या दुप्पट. मोठ्या जनावराच्या बाबतीत दंड तर दुप्पटच, शिवाय 'समुत्थानव्यय' वेगळा. समुत्थानव्यय म्हणजे जखमी जनावर पुन्हा उठून उभे राहीपर्यंतचा खर्च. आजच्या भाषेत दवाखान्याचे बिल! आमच्या बोळातील वादाला इतका नेमका शब्द दोन हजार वर्षांच्या सुमारास घडविला गेला होता, हे पाहून मी थक्क झालो. मात्र हा खर्च कौटिल्याने मोठ्या जनावरांपुरता सांगितला आहे. मोत्याची गणना लहानात होणार, तेव्हा काकांचा आनंद अर्ध्यावर आला.

दुसरा ग्रंथ याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा. ही टीका चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य ह्याच्या कारकिर्दीत, म्हणजे १०७६ ते ११२६ ह्या काळात, कल्याणीस लिहिली गेली. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते आज कर्नाटकात असले, तरी १९५६ सालापर्यंत ते आणि आपले शहर एकाच हैदराबाद संस्थानात नांदत होते. म्हणून मिताक्षरा आम्हांला घरचीच वाटते. लहान जनावराला वेदना दिली, रक्त काढले, अवयव तोडला, तर याज्ञवल्क्य दोन पणांपासून चढत्या क्रमाने दंड सांगतो. जनावर मेलेच तर दंड वाढतो आणि धन्याला त्याची किंमतही द्यावी लागते. येथवर काकांची बाजू भक्कम.

पण स्मृतिकार एकाच बाजूचे वकीलपत्र घेत नाही. दात आणि शिंगे असलेल्या जनावरांच्या मालकालाही तो पुढे उभे करतो. आपले जनावर कोणाला मारीत असताना, सोडविणे शक्य असूनही मालकाने सोडविले नाही, तर त्याला दंड. त्यातही, संकटात सापडलेल्या माणसाने आरडाओरड केली असून मालक स्वस्थ बसला, तर तो दंड दुप्पट! ह्या वचनातला 'शक्य असूनही' हा शब्द मी पेन्सिलीने अधोरेखित केला. जनावर कोणाचे, एवढाच प्रश्न स्मृतिकार विचारीत नाही. अनर्थ टाळणे कोणाच्या हातात होते, हेही तो विचारतो.

शास्त्राची पाने मिटली आणि संत आठवले. घरात शिरलेले कुत्रे पोळी घेऊन पळाले तेव्हा नामदेव काठी घेऊन नव्हे, तर कोरडी पोळी त्याला बाधेल म्हणून तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली आहे. आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरांवर पैठण आहे. तेथे रेड्याच्या पाठीवर ओढलेल्या आसुडाचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले, असे परंपरा सांगते. ह्या कथांमध्ये दंड नाही की भरपाई नाही. मुक्या जीवाला लागलेला मार आपल्यालाच लागला, असे मानणारा माणूस बिलाची वाटणी विचारीतच नाही. पण नामदेव गल्लोगल्ली जन्मत नाहीत, म्हणून चावडी लागते.

ती चावडीही आपल्याकडे जुनीच. मराठ्यांच्या अमदानीत गावचे तंटे गोतसभेपुढे चालत. पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार एकत्र बसत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. वाद जिंकणाऱ्याने सरकारात 'हरकी' भरावयाची आणि हरणाऱ्याने 'गुन्हेगारी'. म्हणजे जिंकलेलाही अगदी फुकट सुटत नसे! शेजाऱ्याशी भांडण्यापूर्वी दोघांनीही कनवटीचा विचार करावा, अशी ही व्यवस्था होती.

आमचे शहर तर शेजाऱ्यांनीच वसविलेले. १६१० साली मलिक अंबराने खडकी ह्या गावी आपले ठाणे वसविले. पुढे शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि गावाचे नाव औरंगाबाद झाले. सरदारांच्या नावांनी पुरे उभे राहिले: करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा. राजपूत, मराठे, पठाण, हबशी, गुजराती अशी नाना देशींची माणसे भिंतीला भिंत लावून राहिली. पुढे निजामाचा अंमल आला. त्या संस्थानाचे कायदे निराळे आणि कोर्टाची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपला आणि १९५१ साली भारतीय दंडविधान येथे लागू झाले. हे दंडविधान मुळात १८६० सालचे. त्याच्या ४२८ व्या कलमात दहा रुपये वा अधिक किंमतीच्या जनावराला मारणे, विष घालणे, लुळेपांगळे करणे हा गुन्हा होता आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची. ४२९ व्या कलमात हत्ती, उंट, घोडा, गाय, बैल आदी जनावरे कोणत्याही किंमतीची आणि इतर जनावरे पन्नास रुपयांपासून पुढची. तेथे शिक्षा पाच वर्षांपर्यंत. म्हणजे कुत्र्याला मारले तर आधी कुत्र्याची किंमत विचारावयाची!

आता मोत्यासारख्या रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्याची बाजारात किंमत काय? ह्या प्रश्नावर काकांचे डोळे पाणावले असते. सुदैवाने १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या ३२५ व्या कलमाने ही किंमतीची अट काढून टाकली. आज जनावर दहा रुपयांचे असो की दहा हजारांचे, कलम एकच. पण एक मुद्दा जुन्याप्रमाणे नव्या कायद्यातही कायम आहे: नुकसान करण्याचा हेतू हवा, किंवा आपल्या कृत्याने ते होणार ही जाणीव तरी हवी. दुसरीकडे, आपले जनावर बेफिकिरीने सोडून माणसांना धोका निर्माण करणाऱ्या मालकासाठीही ह्या संहितेत २९१ वे कलम आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हेतूचा हा मुद्दा किती महत्त्वाचा आहे, हे मुंबईच्या एका खटल्यात दिसले. २०२० साली मरीन ड्राइव्हजवळ, घरोघर जेवण पोचविणाऱ्या एका तरुण विद्यार्थ्याच्या मोटारसायकलीखाली रस्ता ओलांडणारे कुत्रे आले आणि मेले. पोलिसांनी गुन्हा नोंदविला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. बेदरकार वाहन चालवून माणसाचा जीव धोक्यात घालण्याची कलमे माणसांसाठी आहेत, ती कुत्र्याला लागू होत नाहीत. आणि मुद्दाम नुकसान करण्याचा हेतू तर मुळीच नव्हता, असे न्यायालयाने सांगितले. शिवाय त्या विद्यार्थ्याला वीस हजार रुपये देण्याचा आणि ते जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याचा हुकूम सरकारला झाला.

परंतु तुरुंगात कोणी जावयाचे, हा आमच्या बोळाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता बिलाचा, म्हणजे दिवाणी. नुकसानभरपाईच्या ह्या बाबतीत आपली न्यायालये इंग्लंडातल्या जुन्या निकालांचा आधार घेत आली आहेत, म्हणून मी तिकडे वळलो. तेथे दोन निकाल असे सापडले की जणू आमच्याच गल्लीत लागले असावेत. पहिला १८०८ सालचा. एका जमीनमालकाने आपल्याच आवारात, पण शेजाऱ्यांच्या कुत्र्यांना वास जाईल अशा बेताने, सापळ्यांत मांस लावून ठेवले. कुत्री आली आणि जायबंदी झाली. जमीन माझी, सापळा माझा, हा त्याचा बचाव चालला नाही. जनावराला हाताने ओढून सापळ्यात घालणे आणि वासाने ओढणे ह्यांत फरक नाही, असे मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो ह्यांनी ठरविले. दुसरा १८४२ सालचा. एकाने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून त्याला भर रस्त्यावर चरावयास सोडले. उतारावरून भरधाव आलेल्या गाडीखाली ते मेले. गाढव रस्त्यात सोडणे ही मालकाची चूकच; तरीही गाडीवानाने साधी काळजी घेतली असती तर अपघात टळला असता, म्हणून भरपाई त्याच्या पक्षाला भरावी लागली. पुढे १९४५ साली इंग्लंडने कायदाच केला की दोष दोघांचा असेल तर भरपाईही त्या प्रमाणात वाटून घ्यावी.

ते वाचताना मला याज्ञवल्क्याखालची पेन्सिलीची रेघ आठवली. कल्याणी कोठे आणि लंडन कोठे! पण दोन्हीकडच्या पंडितांनी विचारले ते एकच: टाळणे कोणाला शक्य होते?

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ओट्यावर पंचायत बसली. मी सारे सांगितले आणि शेवटी म्हटले, "वहिनींनी करंज्या तळल्या त्या मुलांसाठी, कुत्र्याला फसविण्यासाठी नव्हे, तेव्हा सापळ्याचा निकाल त्यांना लागत नाही. लाटणे रागाने सुटले, पाय मोडण्याच्या इराद्याने नव्हे. तेव्हा गुन्हाही नाही. पण ते हातातच ठेवणे त्यांना शक्य होते. आणि काका, ती दोरी महिन्यापूर्वीच बदलणे तुम्हांला शक्य होते. मोत्याला मात्र ह्यांतले काहीच शक्य नव्हते."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग काका म्हणाले, "दोरी विरलेली मला दिसत होती. आज बदलू, उद्या बदलू, करीत राहिलो." वहिनी खाली पाहून म्हणाल्या, "पाय मोडेल असं वाटलं नव्हतं हो. ओरडला तेव्हा माझ्या पोटात कसंसंच झालं." बिल निम्मे निम्मे करण्याचे ठरले. करंज्यांचा हिशेब कोणी काढला नाही.

पाडव्याच्या दिवशी मी काकांकडे गेलो. मोत्या प्लास्टरचा पाय पुढे टाकून दारात बसला होता. गळ्याला नवी कोरी, जाड दोरी होती. "मजबूत आणलीत," मी म्हटले. "मी नाही आणली," काका हसून म्हणाले, "वहिनींनी आणली. आणि निम्म्या बिलाचे पैसे घेईनात, तर त्यांच्या मुलांना फटाके घेऊन दिले. आवाजाचे नव्हेत बरे का, मोत्या घाबरतो." भिंतीवर फराळाचे एक ताट येऊन थांबले होते, आणि त्यातल्या करंज्यांकडे मोत्या टक लावून पाहत होता.