बायांनी घेतलेला ठेका

पुण्याच्या मार्केट यार्डात हमालनगर आहे. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याची पोती वाहिली, त्यांच्या नावाची वस्ती. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं हमालाला संघटना दिली, 1969च्या माथाडी कायद्यानं मजुरीला आधार दिला. पोतं कसं उचलायचं हे हमालाला कुणी शिकवावं लागलं नाही. घर कसं उभं करायचं हे मात्र आपल्याकडे सहसा कुणी कुणाला शिकवत नाही. ते बिल्डरचं काम, म्हणून आपण मोकळे होतो.

हा समज तसा फार जुना नाही. पेठांमधले वाडे मालक आणि गवंडी मिळून बांधत. 12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठचं पुणं वाहून गेलं आणि शहर सहकारनगरकडे, पर्वतीच्या पायथ्याकडे सरकलं. 1963च्या फ्लॅट मालकी कायद्यानं विकण्यासाठी इमारत बांधणाऱ्याला, बांधवून घेणाऱ्याला नाव दिलं: प्रवर्तक. लोकांच्या तोंडी तो ‘बिल्डर’ झाला आणि राहणारा नुसता ‘फ्लॅटधारक’ उरला.

राहणाऱ्यानंच घर आखण्याची उलटी वाट सापडली ती मुंबईच्या फुटपाथवर. 1986मध्ये भायखळ्याच्या पदपथावरच्या बायकांनी ‘महिला मिलन’ सुरू केलं. बचत तर होतीच, पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची मापं घेण्याची रीत. कागदावरचा नकाशा कळेना, तेव्हा खोलीची लांबी-उंची त्यांनी साडीनं मोजली. कापड नि लाकडाच्या चौकटी लावून पूर्ण आकाराचं घर उभं केलं आणि आत फिरून पाहिलं. छत उंच हवं, म्हणजे पुढे माळा काढता येईल, हे त्यांनीच सुचवलं. आर्किटेक्टच्या पाच वर्षांच्या शिक्षणात हा धडा असतो का, ठाऊक नाही.

पुण्यात या शाळेचा खरा वर्ग भरला तो संडासांच्या कामावर! 1999 ते 2001 या काळात, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, महापालिकेनं वस्त्यांमध्ये चारशेच्या वर सार्वजनिक शौचालयं बांधली. काही कामांचे ठेके वस्तीतल्या बायांनी घेतले. सिमेंटच्या गोण्या मोजणं, गवंड्याशी दर ठरवणं, बिलासाठी पालिकेत खेटे घालणं, सगळं काम करता करताच शिकणं झालं. बायका-पुरुषांचे भाग वेगळे, लहान मुलांसाठी वेगळी जागा, वर राखणदाराची खोली. रांगेत जिनं पोर कडेवर घेऊन वाट पाहिली आहे, तिलाच असं सुचतं.

तोच अनुभव पुढे येरवड्यात कामी आला. 2009च्या सुमारास जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून, आर्किटेक्ट प्रसन्न देसाईंच्या आखणीवर, कच्च्या झोपड्यांच्या जागीच 270 चौरस फुटांची पक्की घरं उठू लागली. वस्ती उठवली नाही, पक्की घरं पाडली नाहीत. जागा अगदीच चिमुकली असेल, तर दोन-तीन शेजाऱ्यांनी एकत्र येऊन मजले चढवले. खर्चाचा दहावा हिस्सा घरमालकाचा.

आज महर्षीनगर, मुकुंदनगरात जुन्या सोसायट्या आहेत. बिल्डरशिवाय सोसायटीनंच इमारत नव्यानं बांधायची, अशा स्वयंपुनर्विकासाला 13 सप्टेंबर 2019च्या शासन निर्णयानं सवलती दिल्या. पण सभासदांना ओळंबा धरायला शिकवणारा वर्ग त्यात कुठंच नाही. तुमच्या सोसायटीत तो विषय निघाला, तर वकील, आर्किटेक्ट बोलवालच. एक खुर्ची येरवड्यातल्या ठेकेदार बाईसाठीही मांडा.