नर्सबाई फक्त सुई टोचत नाही

आज १२ मे, जागतिक परिचारिका दिन. सकाळपासून ग्रुपवर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे फोटो फिरतायत. चांगलंच आहे. पण भोर-वेल्ह्याचा (आता राजगड तालुका म्हणायचं) पेशंट जास्त झाला की ज्या ससूनला जातो, तिथं आपल्या बायका नर्स म्हणून कशा पोचल्या, हे फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून हा थोडा इतिहास.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. लोक गावं सोडून रानात राहायला लागले. तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणलं. वय ६६. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. नर्सिंगचं सर्टिफिकेट त्यांच्याकडं नव्हतं, पण काम तेच होतं.

पुढं १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि १९११ पासून बायकांना ससूनमध्ये नर्सिंगचं शिक्षण द्यायची सोय केली. आज हे साधं वाटतं. तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाची जखम धुवायची, बाळंतिणीचा विटाळ मानायचा नाही, हे 'चांगल्या घरच्या' बाईचं काम समजत नव्हते. त्यामुळं आल्या त्यांत तरुण विधवा बऱ्याच होत्या. ज्यांना घरात शुभकार्याला पुढं येऊ देत नव्हते, त्यांच्याच हातात समाजानं आपले आजारी दिले.

एका कार्यक्रमात केशवपन केलेली एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तर समोरच्या शिकल्यासवरल्या पोरांनी तिची टिंगल केली. रमाबाई उठल्या आणि भर सभेत त्यांची खरडपट्टी काढली.

टिंगल आज उघड होत नाही. पण "नर्सला काय कळतंय, डॉक्टरला बोलवा" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. काहींनी म्हटलंही असेल.

आता आपल्याकडचं बघा. लकवा मारलेल्या म्हाताऱ्याला ससूनमधून घरी सोडतात. नाकात नळी, लघवीला पिशवी. डॉक्टर कागदावर औषधं लिहून देतो. पण नळीतून पेज किती पातळ द्यायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पिशवी कुठल्या उंचीवर ठेवायची, हे सुनेला शिकवतं कोण? वॉर्डातली सिस्टर. आणि घरी आल्यावर? वरंधा घाटाकडच्या नाहीतर केळदच्या बाजूच्या वाडीवर रात्री ताप भरला, तर पहिला फोन आशाताईला नाहीतर उपकेंद्राच्या नर्सबाईला जातो. घाबरलेल्या घराला धीर देण्याचं कामही तिचंच.

सरकारी निकष असा, की डोंगरी भागात दर ३,००० लोकांमागं एक उपकेंद्र. पण आपल्याकडं ३,००० लोक म्हणजे एक गाव नव्हे. चार खोरी, दहा वाड्या, आणि पावसाळ्यात बंद होणारे रस्ते. त्यात कंत्राटी भरती. २००५ ला ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यात लागलेल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं कंत्राटावरच राहिल्या. मे २०२२ मध्ये खासगी कंपन्यांमार्फत भरती नको म्हणून राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. दर वर्षी बाई बदलली तर कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय, हे लक्षात कोण ठेवणार?

तेव्हा फोटो जरूर टाका. पण पुढच्या ग्रामसभेत दोन प्रश्नही विचारा. आपल्या उपकेंद्रातली नर्सची जागा भरलेली आहे का? आणि तिला मुक्कामाला राहता येईल अशी पाणी-लाईट असलेली खोली आहे का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. पुढचा पाठपुरावा सोपा जातो.