पाताळगंगेकाठची रसायनी

आमची आजी सांगायची, कारखान्याच्या आधी पाणी आलं. तिच्या सासूने म्हणे चैत्रात पाताळगंगेचे नुसते डोह उरलेले पाहिले होते. मग १९१५ साली खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं, घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी वीज करून खाली नदीत येऊ लागलं आणि नदी बारमाही झाली. सासूबाईंचं वय या सालाशी जुळतं का, मी कधी ताडून पाहिलं नाही. आजीच्या गोष्टींत सालं नसायचीच. ‘तुझ्या बापाच्या आधी’ नाहीतर ‘मोठ्या पुरानंतर’, एवढंच.

त्याच पाण्याच्या भरवशावर मोहोपाड्याजवळ हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सचा कारखाना उभा राहिला. सरकारने कंपनी काढली १९६० मध्ये, माल निघायला १९७० उजाडलं. रंगांना, औषधांना, रबराला लागणारी मूळ रसायनं परदेशातून आणण्याऐवजी इथेच करायची, हा ध्यास.

काका ॲनिलीनच्या प्लँटवर लागले. बेन्झीनवर नायट्रिक ॲसिडची क्रिया केली की नायट्रोबेन्झीन, त्याला हायड्रोजन दिला की ॲनिलीन, हे ते जेवताना ताटातल्या भाताचे ढीग करून समजावत. नायट्रोबेन्झीनला कडू बदामासारखा वास. ॲनिलीन अंगात भिनलं तर ओठ-नखं निळी पडतात. हे कानावर पडल्यापासून आजी रोज दारातच त्यांची नखं बघायची, मगच ताट वाढायची. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, वार नसेल तर सुकट.

कॉलनीत केरळचे, आंध्रचे, बंगालचे लोक आले. थंडीत सेकंड शिफ्ट सुटली की शेतात पोपटी लागायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, आणि भोवती पेटलेला पेंढा. आमचे केरळी शेजारी आधी त्या पाल्याच्या वासाने मागे सरले. पुढच्या वर्षी पाला आणायला तेच सर्वांत पुढे! ऐंशीच्या दशकात कंपनीने कोचीजवळ फिनॉलचा कारखाना काढला, तेव्हा ते तिकडे गेले असावेत, निदान आईला तसं आठवतं.

काकांना फार अभिमान होता तो नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. तो इस्रोकडे जायचा. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात इंधन जाळायला तोच लागतो. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतले बाकीचे प्लँट बंद करून तेवढा एक इस्रोकडे सोपवायचं ठरवलं. जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमकडे गेला. काका तोवर निवृत्त झाले होते. बातमी त्यांनी दोनदा वाचली आणि बराच वेळ चहाला हात लावला नाही.

मी हे लिहायला घेतलंय म्हटल्यावर मात्र लगेच म्हणाले, “रॉकेटचं सगळेच सांगतात. तू नायट्रोबेन्झीनचं लिही. त्यापासून पॅरासिटामॉलही करतात, ठाऊक आहे ना?”