लिम्युलसचा डोळा आणि हार्टलाइन

हॅल्डन केफर हार्टलाइन यांचा जन्म १९०३ मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, ब्लूम्सबर्ग या गावी झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९२७ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, पण रुग्ण तपासण्यात त्यांचा जीव रमला नाही. पदार्थविज्ञान शिकण्यासाठी ते जर्मनीला गेले. लाइपझिगला हायझेनबर्ग आणि म्युनिकला झोमरफेल्ड हे त्यांचे शिक्षक होते. भौतिकज्ञ काही ते झाले नाहीत, मात्र डोळ्याकडे मोजमापाच्या नजरेने पाहण्याची सवय त्यांना तिथे पक्की लागली. परतल्यावर पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जॉन्सन प्रतिष्ठानात त्यांनी आपली उपकरणे बरीचशी स्वतःच जुळवली.

माणसाच्या दृष्टिपटलात प्रकाशग्राही पेशी सुमारे १२ कोटी असतात आणि मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम १० लाख. मधल्या थरांतील चेतापेशींचे जाळे तर फारच गुंतागुंतीचे असते. सान्तियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पेशींची चित्रे अतिशय बारकाईने काढली होती. पेशींची मांडणी त्या चित्रांतून कळत होती, पण प्रकाश पडल्यावर पेशी काय करतात हे चित्रातून कळणे शक्य नव्हते. त्यासाठी एकेका तंतूतून जाणारे विद्युत आवेग पकडायला हवे होते. संवेदी चेतातंतूंबाबत एड्रियन यांनी इंग्लंडमध्ये १९२६ मध्ये ते साधले होते. डोळ्याच्या बाबतीत मात्र आधी सोयीचा प्राणी शोधावा लागणार होता.

हार्टलाइन यांना तो लिम्युलसच्या रूपाने सापडला. घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा हा समुद्री जीव खेकड्यासारखा भासतो, पण त्याचे नाते कोळ्याशी अधिक जवळचे आहे. त्याचे भाऊबंद ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावरही आढळतात. त्याचा संयुक्त डोळा शेकडो स्वतंत्र नेत्रिकांचा बनलेला असतो, प्रत्येक नेत्रिका मोठी असते आणि दृष्टिचेता लांब व उलगडायला सोपी. हार्टलाइन आणि क्लॅरन्स ग्रॅहॅम यांनी १९३२ मध्ये या चेतेतील एक तंतू वेगळा काढून त्याचे आवेग नोंदवले. प्रत्येक आवेग सारख्याच मापाचा निघाला. प्रकाश वाढला की आवेग मोठा होत नव्हता, फक्त दाटीने येत होता. प्रकाश हजारपट झाला तरी आवेगांचा वेग त्या मानाने थोडाच वाढे. डोळ्याला प्रचंड फरकाचे उजेड पेलतात त्यामागे हेही एक कारण आहे.

पुढे १९३८ मध्ये त्यांनी बेडकाच्या दृष्टिपटलावरील एकेक तंतू सोडवला. हे काम अतोनात नाजूक होते. काही तंतू प्रकाश सुरू होताच बोलू लागत, काही तो विझताच, तर काही दोन्ही वेळा. प्रत्येक तंतूला पडद्याचा ठरावीक तुकडाच दिसे. त्या तुकड्याला ‘ग्राही क्षेत्र’ हे नाव पडले आणि आजही प्रत्येक चेतावैज्ञानिक ते वापरतो.

त्यांचा सर्वांत मोठा शोध अनपेक्षितपणे हाती लागला. एका नेत्रिकेवर स्थिर प्रकाश असताना खोलीतला दिवा लागला. उजेड वाढला होता, तरीही तिच्या आवेगांचा वेग घटला! शेजारच्या नेत्रिका तिला दाबत होत्या. या ‘पार्श्व निरोधा’वर हार्टलाइन यांनी वर्षानुवर्षे काम केले. हेन्री वॅग्नर आणि फ्लॉइड रॅटलिफ यांच्यासह १९५६ मध्ये त्याचा सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. परस्परांना दाबण्याचे हे नाते पुढे साध्या समीकरणांत बसले आणि अंतर वाढले की निरोध घटतो हेही स्पष्ट झाले. उजळ आणि काळोख्या भागांच्या सीमेवर फरक उठून दिसण्याचे कारण त्यात सापडले. तिथे दिसणारे पट्टे अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच वर्णिले होते.

जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत कुणी भर उन्हात ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत असेल, तर त्या वेळी काळ्या अक्षरांवरून परतणारा प्रकाश रात्री घरातल्या दिव्याखाली कोऱ्या कागदावरून येणाऱ्या प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त असतो. तरीही दुपारी अक्षर काळेच दिसते आणि रात्री कागद पांढराच. एकूण उजेड किती, यापेक्षा शेजारी-शेजारी असलेल्या जागांतील फरक डोळा मेंदूला कळवत असतो, आणि त्या फरकाला उठाव देणारी एक महत्त्वाची यंत्रणा म्हणजे हा निरोध.

सस्तन प्राण्यांतही हेच तत्त्व आहे हे १९५३ मध्ये स्टीफन कुफलर यांनी मांजराच्या दृष्टिपटलावर दाखवले. तिथे ग्राही क्षेत्राचा मध्य आणि भोवतालचा भाग एकमेकांविरुद्ध काम करतात. बेडकाच्या दृष्टिपटलात असाच निरोध होरेस बार्लो यांना त्याच वर्षी दिसला.

हार्टलाइन १९४९ पासून जॉन्स हॉपकिन्समध्ये प्राध्यापक होते आणि १९५३ पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. १९६७ चे वैद्यकाचे नोबेल त्यांना राग्नार ग्रानिट आणि जॉर्ज वॉल्ड यांच्यासोबत विभागून मिळाले. ग्रानिट यांनी रंगदृष्टी आणि दृष्टिपटलातील विद्युत क्रिया अभ्यासली होती. वॉल्ड यांनी दृष्टिरंजकातील अ जीवनसत्त्वाचे स्थान उलगडले होते, म्हणजे रातांधळेपणाचे रसायन. हार्टलाइन यांचे काम मात्र पुढेही मुख्यतः लिम्युलसच्याच डोळ्यावर चालले. १७ मार्च १९८३ रोजी त्यांचे निधन झाले.