पडद्यावरचे बालगंधर्व: साक्ष कुणाची मानायची?

राजवाड्यांच्या धुळ्यात बोलायचं म्हणजे ‘पुरावा काय?’ हा प्रश्न आधी स्वतःला विचारून यावं लागतं. आजचा प्रश्न असा, की कॅमेऱ्याने टिपलेलं रूप हा नटाचा पुरावा मानायचा का?

१९३४ साली विलायतेत ‘एव्हरग्रीन’ नावाचा संगीतपट आला. आई आणि मुलगी, दोन्ही भूमिका जेसी मॅथ्यूजच्या. जुन्या काळची गायिका अजून तरुणच आहे असं भासवून तिच्या मुलीला रंगमंचावर उभं करतात. प्रेक्षक फसतात, आणि सगळी गंमत त्या फसण्यावर उभी आहे.

आता आपल्याकडे या. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. गाण्याचे सुरुवातीचे धडे जळगावात, मेहबूबखाँ यांच्याकडे. १९११ साली ‘मानापमान’मध्ये ते भामिनी झाले, तेव्हा तेविसावं चालू होतं. इथे मात्र कुणीच फसलेलं नव्हतं. हा पुरुष आहे, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ठाऊक होतं. तो एक करार होता: तुम्ही गा, आम्ही मानतो.

बोलपट आला आणि करार मोडला. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या, स्त्रीच्या भूमिकेत स्त्री! १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व एकनाथ झाले. १९३७च्या ‘साध्वी मीराबाई’त पुन्हा स्त्रीवेष, वय पन्नाशीला टेकलेलं. कॅमेरा जवळून बघतो, पण ‘वन्स मोअर’ देत नाही. नाटकगृहात त्याच ‘वन्स मोअर’वर पद पुन्हा उमलायचं. सिनेमात ते जमलं नाही आणि ते रंगभूमीकडे परतले.

वर्गात एकदा त्यांचा स्त्रीवेषातला फोटो दाखवला. एक विद्यार्थी हसला. म्हणाला, ‘सर, यात एवढं काय?’ मी रागावलो. आज वाटतं, रागवायला नको होतं. त्याने पाहिलं ते खरंच होतं, फक्त अर्धं होतं. करारातला दुसरा पक्ष, म्हणजे प्रेक्षक, त्या फोटोत नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की नटाच्या इतिहासात प्रेक्षकाची आठवण हाही दस्तऐवज आहे. तो तपासून घ्या, पण फेकू नका. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात जाल, तेव्हा मंचाकडे पाठ करून क्षणभर प्रेक्षकांच्या जागेकडे बघा. उरलेला अर्धा पुरावा तिकडे असतो.