दार, पंगत आणि पाटी : मुलींच्या आश्रमांचा इतिहास आपण कसा वाचायचा?

जयंतीचा महिना आला की खडकी, बोपोडी, दापोडी परिसरातील आपली मंडळे निराधार मुलींच्या संस्थांकडे वळतात. वह्या, खाऊ, गणवेश यांचे वाटप होते, मुलींना रांगेत उभे करून फोटो काढले जातात. हेतू चांगलाच असतो. पण आम्ही या परिसरात मुलींच्या शिक्षणाचे काम करतो, म्हणून एक प्रश्न विचारणे आमचे कर्तव्य आहे. आपण या मुलींकडे दया घेऊन जातो की त्यांचा हक्क घेऊन? हा फरक समजायचा तर दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

सुरुवात खडकीसारख्या छावण्यांपासूनच करू. १८१७ च्या लढाईनंतर येथे लष्करी छावणी वाढली, १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला. गावकुसाबाहेरचा माणूस अशा छावण्यांत आला, त्याला पगार मिळाला आणि अक्षरही मिळाले. कंपनीच्या सैन्यात शिपायांच्या मुलांना आणि मुलींनाही शिक्षण सक्तीचे होते, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. सुभेदार रामजींचे शिक्षकाचे प्रशिक्षण पुण्यातच झाले. म्हणजे आपल्या घरांतील काही आज्या-पणज्या वाचायला शिकल्या त्या कुणाच्या उपकारामुळे नाही, तर शिपायाची मुलगी म्हणून नियमाने. पुढे १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली आणि ते दारही बंद झाले. नियम गेला की उरते ती फक्त दया. आणि दया कुणावर करायची, हे देणारा ठरवतो.

आता पुणे शहरातील दोन दारे पाहू. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीमाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. शूद्र म्हणवल्या गेलेल्या या जोडप्याने दार उघडले ते ब्राह्मण विधवांसाठी. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी तोवर आलेल्या ३५ विधवांची नोंद केली आहे. ज्यांनी अंगावर शेण फेकले त्यांच्याच लेकींची बाळंतपणे सावित्रीमाईंनी केली, आणि अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला.

दुसरे दार तीस-एक वर्षांनंतरचे. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. कर्व्यांचे कष्ट आम्ही नाकारत नाही. पण सुरुवातीच्या काळात तो आश्रम उच्चवर्णीय विधवांपुरताच होता. 'अनाथ' हा शब्द पाटीवर होता, पण आमची अनाथ मुलगी त्या शब्दात बसत नव्हती. जोतीरावांच्या घरात ब्राह्मण विधवेला जागा होती, सुधारकांच्या आश्रमात महार-मांगांच्या मुलीला नव्हती. पाठ्यपुस्तकांत दोन्ही संस्था 'स्त्री सुधारणा' या एकाच धड्यात येतात. हा फरक मात्र येत नाही.

दारानंतर पंगत. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले. तेथे शिकणाऱ्या बहुतेक मुली ब्राह्मण होत्या आणि त्यांच्या स्वयंपाकपाण्याचे सोवळे पाळले जात होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या, तरी समाजाच्या भीतीने त्यांना ही तडजोड करावी लागली. एवढे करूनही १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गहजब झाला, सल्लागार सुधारकांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी मुली नेल्या. त्यापूर्वी १८८५ मध्ये याच रमाबाईंची बाजू 'सत्सार'मधून जोतीरावांनी घेतली होती, हे विसरू नये.

खरा बदल दुष्काळाने घडवला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांची सोय दौंडकडच्या केडगावच्या जमिनीवर झाली. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारापुढे गेली. आता मुली अनेक जातींच्या होत्या. एवढ्या मुलींसाठी वेगवेगळ्या चुली कोण मांडणार? शारदा सदनातले सोवळे येथे टिकले नाही.

केडगावचे रोजचे जीवन कष्टाचे होते. मुली शेतात राबत, गाई-म्हशी सांभाळत, हातमागावर विणत, तेलाचा घाणा चालवत, शिवणकाम करत. त्याचबरोबर शाळा होती. मोठ्या मुली लहानांना शिकवत, अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. सगळ्यात महत्त्वाचा होता छापखाना. खिळे जुळवणे हे तेव्हा पुरुषांचे काम, ते येथे मुली करत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यातून बाहेर पडले. दुष्काळात मरणाच्या दारातून आलेली मुलगी ग्रंथ छापते, ही क्रांती आहे आणि ती आम्ही मान्य करतो.

पण टीकाही केली पाहिजे. तेथे भाकरीसोबत धर्म येत होता. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला घोषणा केली आणि १९५६ मध्ये दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे अभ्यास केला. पोटात आग असलेल्या पोरीला अशी निवड करण्याची सवड कुठली? दयेच्या घरात किंमत कुठेतरी मोजावीच लागते. ते घर चांगले असले तरीही.

पंगतीचा प्रश्न शिकून मोठे झाल्यावरही सुटत नव्हता. नागपूरच्या जाईबाई चौधरी हमाली करत शिकल्या, शिक्षिका झाल्या, त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. १९३७ च्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन झाले. तेथे या शिक्षिकेला जेवायला वेगळे बसवण्यात आले. आपल्या महिलांनी लगेच सभा घेऊन निषेध केला.

म्हणूनच बाबासाहेबांचा मार्ग वेगळा होता. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले. तेथील विद्यार्थी पोसायचा पोरका नव्हता, तो उद्याचा कार्यकर्ता होता. ते वसतिगृह मुलांचे होते, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. मुलींसाठी आवाज महिलांनी स्वतः उठवला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली. हजारो महिला जमल्या आणि त्यांनी घटस्फोटाच्या हक्काबरोबर मुलींच्या शिक्षणाची व वसतिगृहांची मागणी सरकारकडे केली. दान मागितले नाही, ठराव केला. दया आणि हक्क यांच्यातला फरक तो हाच.

मित्रांनो, आज कायदा आपल्या बाजूने आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने प्रत्येक बालगृहाला नोंदणी सक्तीची केली आहे. मुलीला तेथे ठेवण्याचा निर्णय बालकल्याण समिती घेते आणि संस्थेची तपासणी होते. अशा मुलीची ओळख किंवा फोटो जाहीर करण्यास याच कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. मग आपल्या मंडळाच्या फ्लेक्सवर त्या मुलींचे चेहरे कशासाठी?

यापुढे संस्थेत जाताना तीन गोष्टी पाहा. दार : कोणत्या मुलींना प्रवेश मिळतो आणि कुणाला कारण न सांगता परत पाठवतात? पंगत : स्वयंपाक, भांडी, संडाससफाईच्या पाळ्या सगळ्यांना सारख्या आहेत का? पाटी : मुलगी गणित-विज्ञान शिकते की फक्त शिवणकाम? दहावीनंतर ती कुठे जाते? तिचा जातीचा दाखला निघाला आहे का? तो नसेल तर शिष्यवृत्ती नाही. आई-वडील दोन्ही नसतील तर अनाथ प्रमाणपत्र काढले आहे का? २०१८ पासून राज्यात अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण आहे, पण कागदाशिवाय ते मिळत नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृह सुटते. त्यानंतर अनुरक्षणगृहाची किंवा वसतिगृहाची सोय कोण पाहते?

वह्या जरूर द्या. पण आपल्यात वकील आहेत, शिक्षक आहेत, तहसील कार्यालयात काम करणारे आहेत. एका मुलीचा दाखला काढून द्या, दहावीच्या पाच मुलींची वर्षभर शिकवणी घ्या. मुक्ता साळवे १८५५ मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये आपल्या समाजाचे दुःख मांडू शकली, कारण जोतीराव-सावित्रीमाईंनी तिच्या हाती लेखणी दिली होती. खडकीच्या मुलींच्या हातीही तीच दिली पाहिजे.

जय भीम!